गॉर्गसचे डास, अमेरिकेचा कालवा

१८९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने स्पेनशी युद्ध केले आणि चार महिन्यांच्या आत ते जिंकले. क्यूबावर ताबा मिळाला. पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स तर तहात कायमचेच पदरात पडले. या युद्धात प्रत्यक्ष लढताना मेलेले अमेरिकी सैनिक चारशेच्या आत होते. विषमज्वर, हिवताप, हगवण आणि पीतज्वर यांनी मेलेले होते दोन हजारांच्या वर. मुलूख जिंकायला तोफा पुरल्या, पण तिथे मुक्काम ठोकायचा तर आधी या आजारांचा बंदोबस्त करायला हवा, हे वॉशिंग्टनला तेव्हाच कळून चुकले. तो बंदोबस्त ज्याने केला, त्या लष्करी डॉक्टरचे नाव विल्यम क्रॉफर्ड गॉर्गस. वैद्यकाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि इतिहासाच्या पुस्तकात बहुधा तेवढ्याही नाहीत. खरे तर या दोन विषयांची गाठ त्याच्या आयुष्यात जशी पडली, तशी फार थोड्यांच्या पडली असेल.

गॉर्गसचा जन्म १८५४ चा, अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या अलाबामा राज्यातला. बाळंतपणाला आलेले डॉक्टर जोसाया नॉट हे त्या काळातले मोठे नाव. पीतज्वराचा संबंध कीटकांशी असावा, असे त्यांनी १८४८ मध्येच सुचवले होते. हेच नॉट गुलामगिरीचे आणि गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचे कडवे पुरस्कर्ते होते. एकाच डोक्यात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदू शकतात, हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

वडील जोसाया गॉर्गस यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याचे दारूगोळा प्रमुख होते. दक्षिण हरली, घराची परवड झाली, पण मुलाच्या डोक्यातून सैन्य गेले नाही. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळेना, तेव्हा त्याने आडवाट धरली. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या महाविद्यालयातून १८७९ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी लष्कराच्या वैद्यकीय दलात शिरला. सैनिक होता यावे म्हणून डॉक्टर झालेला हा माणूस.

१८८२ मध्ये टेक्सासच्या सरहद्दीवर फोर्ट ब्राउन येथे पीतज्वराची साथ आली. तळाच्या प्रमुख अधिकाऱ्याची मेहुणी मेरी डॉटी आजारी पडली. ती वाचत नाही असे ठरवून तिच्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता आणि दफनाच्या वेळची प्रार्थना म्हणायचे काम गॉर्गसकडे होते, असे सांगतात. ती वाचली. मग गॉर्गसला तोच ताप आला, तोही वाचला आणि १८८५ मध्ये दोघांनी लग्न केले. पीतज्वर एकदा होऊन गेला की जन्मभर पुन्हा होत नाही. त्यामुळे असा डॉक्टर म्हणजे लष्कराच्या दृष्टीने घबाडच! जिथे पीतज्वर तिथे गॉर्गस, असा त्याच्या नोकरीचा पुढचा नकाशा ठरून गेला.

पीतज्वर आपल्याकडे नाही, म्हणून थोडे सांगतो. सुरुवात साध्या तापासारखी होते: डोके, पाठ, अंग दुखते. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो आणि घरच्यांना हायसे वाटते. बऱ्याच जणांचे दुखणे तिथेच संपते. काहींना मात्र दुसरा झटका येतो. यकृत निकामी होऊन डोळे आणि कातडी पिवळी पडते, हिरड्यांतून रक्त येते, पोटात झिरपलेले रक्त काळ्या उलटीतून बाहेर पडते. १८७८ मध्ये मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात या आजाराने सुमारे वीस हजार अमेरिकी माणसे मारली. ही साथ दर खेपेला हवानाहून जहाजाने येते, अशी दक्षिणेतल्या बंदरांची पक्की समजूत होती. क्यूबा ताब्यात असावे असे अमेरिकेतल्या अनेकांना वाटत होते, त्यामागे साखर होती, व्यापार होता आणि हा तापही होता.

गॉर्गस हवानाचा मुख्य आरोग्य अधिकारी झाला तेव्हा पीतज्वर घाणीतून होतो असेच तो मानत होता. त्याने शहर घासूनपुसून काढले. रस्ते झाडले, मेलेली जनावरे उचलली, संडास धुतले. एकूण मृत्यू घटले. पीतज्वर मात्र वाढला. १९०० साली हवानात त्याने ३१० माणसे मेली. स्वच्छ वस्त्यांत जास्त, घाणेरड्या वस्त्यांत कमी! झाले होते असे, की युद्ध संपल्यावर स्पेनमधून हजारो नवे लोक क्यूबात येत होते. त्यांना हा ताप पूर्वी झालेला नव्हता. जन्मापासून हवानात राहिलेल्या क्यूबन माणसाला तो लहानपणीच हलका होऊन गेलेला असे. मरत होते ते उपरे.

याचे उत्तर त्याच शहरात वीस वर्षे पडून होते. कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरने १८८१ मध्ये हवानाच्या विज्ञान अकादमीसमोर सांगितले होते, की एका विशिष्ट जातीचा घरगुती डास हा ताप पसरवतो. डास त्याने बरोबर ओळखला होता. प्रयोग मात्र पटण्याजोगे होत नव्हते, आणि अडचण होती ती दिवसांच्या हिशोबात. रुग्णाला पहिल्या तीन दिवसांतच डास चावला पाहिजे, आणि मग त्या डासाच्या पोटात विषाणू वाढून तो सोंडेपर्यंत पोहोचायला साधारण बारा दिवस गेले पाहिजेत. फिनले एवढा थांबत नसे. १९०० मध्ये मेजर वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालचे अमेरिकी लष्कराचे पथक आले, त्यांनी फिनलेकडूनच डासांची अंडी घेतली आणि हा हिशोब जुळवला. पथकातला जेसी लाझिअर हा तरुण डॉक्टर त्यातच पीतज्वराने गेला. पुढचे प्रयोग काही सैनिकांवर आणि नुकत्याच उतरलेल्या स्पॅनिश मजुरांवर झाले. मजुरांना लेखी करार करून शंभर डॉलर सोन्यात, आणि ताप आलाच तर वर आणखी शंभर. संमतिपत्र घेऊन केलेल्या पहिल्या प्रयोगांपैकी हे, असे आम्हाला शिकवतात. परदेशात नुकत्याच उतरलेल्या, खिशात दमडी नसलेल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे मात्र शिकवत नाहीत.

गॉर्गसला डासाची गोष्ट आधी पटली नव्हती. पण पुरावा समोर आल्यावर त्याने घाण सोडली आणि डास धरला, हा त्याचा मोठेपणा. फेब्रुवारी १९०१ मध्ये मोहीम सुरू झाली. हा डास म्हणजे एडिस इजिप्ती, आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच. त्याला गटार आवडत नाही. घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी लागते आणि जन्मलेल्या घरापासून तो फार लांब जात नाही. हवानात नळ कमी, त्यामुळे घरोघरी पावसाच्या पाण्याची पिंपे, हौद, रांजण. निरीक्षक प्रत्येक घरात जाऊन भांडी मोजत. ती झाका, नाहीतर वर रॉकेल ओतू. पुन्हा अळ्या सापडल्या तर दंड. पीतज्वराचा रुग्ण जाळीच्या खोलीत ठेवायचा आणि त्याच्या घरासकट शेजारच्या घरांत पायरेथ्रमची, म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाच्या पुडीची, धुरी द्यायची. १९०१ च्या सबंध वर्षात पीतज्वराचे मृत्यू १८ झाले. सप्टेंबरनंतर एकही रुग्ण नाही. जवळजवळ दीडशे वर्षे ज्या शहरात हा ताप मुक्कामाला होता, तिथून तो सात-आठ महिन्यांत गेला.

आमच्या रुग्णालयात दर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण खाटांवर मावत नाहीत, तेव्हा मला हा आकडा आठवतो आणि जरा हेवा वाटतो. आजही आपण तेच करतो: पिंपे झाका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रीजच्या मागचा ट्रे रिकामा करा, टाकीत गप्पी मासे सोडा. फरक एवढाच, की आपल्या आरोग्य सेविकेला दार उघडायलाही विनवण्या कराव्या लागतात. गॉर्गसच्या निरीक्षकामागे लष्करी गव्हर्नर उभा होता. हा गव्हर्नर, लिओनार्ड वुड, स्वतःही डॉक्टरच होता. परक्या सरकारची माणसे आरोग्याच्या नावाखाली घरात शिरतात तेव्हा काय वाटते, हे पुण्याला वेगळे सांगायला नको. रँडचा प्लेग आणि त्याचा शेवट तिथे चार वर्षांपूर्वीच घडून गेला होता. गॉर्गस रँडसारखा नव्हता. तो मृदू बोलणारा, चिकाटीचा, समोरच्याचे ऐकून घेणारा होता आणि त्याचे शास्त्रही बरोबर होते. हवानाच्या लोकांनी कुरकुर केली, पण त्याचा द्वेष केला नाही.

तरी एक प्रश्न उरतो. क्यूबन माणसांना मारणारा मोठा आजार होता क्षय. पीतज्वराने स्थानिक माणूस क्वचित मरे. पैसा, माणसे, रॉकेल आणि कायद्याचा बडगा मात्र ओतला गेला तो पीतज्वरावर, कारण तो गोऱ्या सैनिकाला, व्यापाऱ्याला आणि न्यू ऑर्लिन्सच्या बंदराला धोका होता. हा माझा तर्क नाही, तो कायद्याच्या कलमात लिहिलेला आहे. १९०१ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या राज्यघटनेत प्लॅट दुरुस्ती म्हणून ओळखली जाणारी कलमे घालायला लावली. त्यातल्या तिसऱ्या कलमाने क्यूबात हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेला दिला. पाचव्या कलमाने शहरांच्या स्वच्छतेची आणि साथींना आळा घालण्याची जबाबदारी क्यूबावर टाकली, आणि त्याचे कारण देताना क्यूबाच्या लोकांबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेतली बंदरे आणि तिथले लोक यांचाही स्पष्ट उल्लेख केला. गटार तुंबले तर सार्वभौमत्व धोक्यात, असा हा मामला. १९०२ मध्ये गॉर्गस गेला आणि स्वतंत्र क्यूबाच्या आरोग्य खात्याचे प्रमुखपद फिनलेकडे आले; वीस वर्षे उशिरा का होईना, न्याय झाला. १९०६ मध्ये अमेरिकी सैन्य राजकीय बंडाळीच्या निमित्ताने परत आले आणि १९०९ पर्यंत राहिले. प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली. ग्वांटानामोचा तळ अजून अमेरिकेकडेच आहे.

हवाना ही तालीम होती. खरा प्रयोग पनामात व्हायचा होता. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा खणण्याचा प्रयत्न फ्रेंचांनी १८८० च्या दशकात केला होता. सुएझ कालव्याचे फर्डिनांड द लेसेप्सच त्याच्या मागे होते. वीस हजारांच्या आसपास माणसे मेली आणि कंपनी बुडाली. फ्रेंचांनी आंकोनच्या टेकडीवर फार सुंदर रुग्णालय बांधले होते. बागेतल्या झाडांना मुंग्या लागू नयेत म्हणून बुंध्यांभोवती पाण्याची आळी, आणि रुग्णाच्या अंगावर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. खिडक्यांना जाळ्या नाहीत. म्हणजे साध्या दुखण्याने आत आलेल्या माणसाला पीतज्वर आणि हिवताप दोन्ही रुग्णालयातच मिळण्याची सोय होती!

पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत. कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा करार फेटाळला, तेव्हा नोव्हेंबर १९०३ मध्ये पनामात उठाव झाला, अमेरिकेची युद्धनौका किनाऱ्यावर उभी राहिली आणि पंधरवड्यात नव्या देशाच्या वतीने एका फ्रेंच माणसाने, फिलिप ब्युनो-व्हारियाने, करारावर सही केली. एक कोटी डॉलर रोख आणि दरसाल अडीच लाख, या मोबदल्यात दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेकडे. या करारातही आरोग्याचे कलम होते: पनामा आणि कोलोन ही शहरे पट्ट्याबाहेर असली, तरी तिथले स्वच्छतेचे नियम नीट पाळले गेले नाहीत, तर अमेरिका ते स्वतः अंमलात आणणार.

गॉर्गस जून १९०४ मध्ये तिथे पोहोचला. हिवताप ॲनोफिलिस डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत १८९७ मध्ये पाहिलेले होते, आणि त्याच वर्षी, १९०४ मध्ये, रॉस स्वतः पनामाला जाऊन पाहणी करून आला. शास्त्र तयार होते. पैसे देणारे तयार नव्हते. कालवा आयोगाच्या जुन्या अधिकाऱ्यांना डासांचे प्रकरण हा पोरखेळ वाटे. जाळ्यांची, औषधांची मागणी महिनोन् महिने अडकून पडे. सरकारी रुग्णालयात तीस वर्षे काढलेल्या माणसाला या भागात फारसे समजावून सांगावे लागत नाही.

१९०५ च्या वसंतात पीतज्वर आला. अमेरिकी कारकून, अभियंते मिळेल त्या बोटीने पळू लागले. तीन चतुर्थांश गोरे कर्मचारी गेले. मुख्य अभियंता जॉन वॉलेस याने दोन धातूच्या शवपेट्या आधीच मागवून ठेवल्या होत्या म्हणतात. जूनमध्ये त्यानेही राजीनामा दिला. आयोगाच्या नव्या अध्यक्षाला, थिओडोर शाँट्स याला, गॉर्गसला हाकलून आपल्या ओळखीचा माणूस आणायचा होता. निर्णय राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे गेला. त्यांनी आपले डॉक्टर मित्र अलेक्झांडर लॅम्बर्ट यांना विचारले. लॅम्बर्टनी समजावले, की जुन्या समजुतीने चालाल तर फ्रेंचांचे झाले तेच तुमचे होईल. कालवा हवा असेल तर गॉर्गसला हात लावू नका. नवा मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यानेही तिजोरी मोकळी केली.

मग मात्र काम धडाक्यात झाले. चार हजार माणसे, १२० टन पायरेथ्रम, ३०० टन गंधक. पनामा शहरातले प्रत्येक घर धुरावले. सर्वात महत्त्वाचे म्हणजे दोन्ही शहरांत नळाचे पाणी आले आणि पिंपांची गरजच संपली. माझ्या मते खरे औषध हेच होते, बाकीचा धूर वेळ काढण्यापुरता. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी पनामा शहरात पीतज्वराचा शेवटचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या वेळी गॉर्गसने सहकाऱ्यांना सांगितले, की हा रुग्ण नीट पाहून घ्या, असा पुन्हा दिसणार नाही. तसेच झाले.

हिवताप इतका सरळ नव्हता. त्याचा डास घरात नाही, बाहेर डबक्यात, चिखलातल्या गुराच्या खुराएवढ्या खळग्यातही वाढतो, आणि खणकाम चालू असेल तिथे रोज नवी डबकी. जोसेफ ल प्रिन्स हा मुख्य निरीक्षक चर खणत, गवत कापत, तेल शिंपडत फिरे. क्विनाईन फुकट वाटले जाई. १९०६ मध्ये २६ हजार कामगारांपैकी २१ हजारांवर हिवतापाने रुग्णालयात आले. १९१२ मध्ये कामगार ५० हजार आणि रुग्ण साधारण ५,६००. हिवताप गेला नाही, पण काम थांबण्याइतका राहिला नाही.

आता दुसरी बाजू. पट्ट्यात दोन हजेरीपट होते: सोन्याचा आणि चांदीचा. गोरे अमेरिकी सोन्याच्या पटावर. त्यांना तांब्याच्या जाळ्या लावलेली घरे. बार्बाडोस, जमैकाहून आणलेले काळे मजूर चांदीच्या पटावर. त्यांना दाटीवाटीच्या बराकी, बहुतेक जाळीविना. सुरुंग तेच लावत, चिखलात तेच उभे राहत, ओल्या कपड्यांत तेच झोपत. पीतज्वर त्यांना फारसा होत नव्हता; ते मरत होते न्यूमोनियाने आणि अपघाताने. अमेरिकी काळात कालव्यावर ५,६०९ मृत्यूंची नोंद आहे. त्यात सुमारे ४,५०० वेस्ट इंडियन, गोरे अमेरिकी साडेतीनशेच्या आसपास. ज्या ज्वराने अभियंते पळाले, तो दीड वर्षात संपला. न्यूमोनियासाठी अशी धावाधाव झाली नाही.

गॉर्गसने हे पाहिले का? पाहिले आणि नाहीही. १९०९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अध्यक्ष म्हणून त्याने भाषण केले, त्याचा विषयच होता गोऱ्या वंशासाठी उष्ण कटिबंध जिंकणे. पनामाचे खरे यश कालवा नसून गोरा माणूस आता या प्रदेशांत सुखाने वसाहत करू शकेल हे आहे, असे त्याने मांडले. हे वाचताना आजच्या डॉक्टरच्या पोटात कालवते. पण याच माणसाने हेही टिपून ठेवले होते, की काळे मजूर बराकी सोडून बायकामुलांसह वेगवेगळ्या झोपड्यांत राहू लागले आणि न्यूमोनिया झपाट्याने उतरला. लस नाही, औषध नाही. फक्त दाटी कमी झाली. १९१३ च्या अखेरीस जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणमालकांनी त्याला आफ्रिकी मजुरांतल्या न्यूमोनियावर सल्ला द्यायला बोलावले, तेव्हा त्याने हेच सांगितले: माणसे कोंबू नका, जागा द्या, कुटुंबे आणू द्या. १९१४ मध्ये लष्कराचा सर्जन जनरल झाल्यावर तो सभांतून आणखी पुढचे बोलू लागला. आजाराचे मूळ गरिबीत आहे, आणि आरोग्य अधिकाऱ्याला एकच उपाय निवडायला सांगितला तर त्याने मजुरी वाढवावी, असे त्याचे मत झाले होते. रॉकेलच्या डब्यापासून मजुरीपर्यंत त्याचे डोके पोहोचायला बारा-पंधरा वर्षे लागली. धोरण मात्र तिथवर आले नाही.

१९१८ मध्ये निवृत्त झाल्यावर तो रॉकफेलर फाउंडेशनच्या कामाने दक्षिण अमेरिकेत फिरत राहिला. पीतज्वर पृथ्वीवरूनच नाहीसा करता येईल, अशी त्याची खात्री होती. ती चुकीची होती. हा विषाणू जंगलातल्या माकडांतही राहतो, हे १९३० च्या दशकात कळले. तोपर्यंत तो जिवंत नव्हता. आजही आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या प्रवाशाकडे आपल्या विमानतळावर पीतज्वराच्या लसीचे कार्ड मागतात ते म्हणूनच. डास आपल्या घरात तयारच आहे, फक्त विषाणू यायचा बाकी आहे.

१९२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या पीतज्वराचा शोध घ्यायला निघालेला गॉर्गस लंडनमध्ये पक्षाघाताने कोसळला. राजे पाचवे जॉर्ज रुग्णालयात येऊन त्याला किताब देऊन गेले. जुलैच्या सुरुवातीला तो वारला. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये लष्करी इतमामात अंत्यविधी झाला आणि देह वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत पुरला. चांदीच्या पटावरचे त्याचे कित्येक रुग्ण कोलोनजवळच्या माउंट होपमध्ये पुरलेले आहेत. कालव्याचा ताबा पनामाला मिळाला १९९९ च्या शेवटच्या दिवशी. आंकोनच्या ज्या रुग्णालयाला पुढे गॉर्गसचे नाव दिले होते, त्याच्या इमारतीत नंतर पनामाचे राष्ट्रीय कर्करोग रुग्णालय आले. देशाची मध्यवर्ती आरोग्य संशोधन संस्था मात्र अजून गॉर्गसच्याच नावाने आहे आणि तिथले शास्त्रज्ञ आज एडिस इजिप्तीवर काम करतात.